ह्यातलं आपलं कोण?

आश्विन सरत आला की घरोघर जळमटे निघतात, रंगाचे डबे उघडतात आणि भिंतीवरच्या तसबिरी चार दिवस खाली उतरतात. उतरलेली तसबीर पुन्हा जाग्यावर लावायची की माळ्यावर टाकायची, हा प्रश्न वर्षातून याच दिवसांत पडतो. एरवी भिंतीवर काय आहे ते घरातल्या माणसाला दिसतच नाही. पाहुण्याला दिसते.

आपल्याकडे नुसत्या शोभेसाठी तसबीर लावण्याची चाल फार जुनी नव्हे. तसबीर लावायची ती कोणाची तरी. देवाची, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाची, नाहीतर ज्याच्या नावाने ऊर भरून यावा अशा पुरुषाची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या सोबत्यांसह १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि रंगीत छापील चित्रे गावोगाव जाऊ लागली, तेव्हा रामपंचायतनाच्या जोडीला नाना फडणीसही ओसरीवर येऊन बसले. पुढे १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर आल्या. ओसरीवर पाऊल टाकले की या घराची भक्ती कोणावर आणि अभिमान कशाचा, हे पाहुण्याला न विचारता कळत असे. भिंतीवरचे कोणी परके नसे.

आता भिंतींनाही नवे वारे लागले आहे. परदेशी जुन्या नियतकालिकांतील चित्रांच्या नकला, चौकट आणि काच घालून, घरपोच मिळू लागल्या आहेत. त्यांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली राजकीय व्यंगचित्रेही असतात. सांगलीला माझे एक स्नेही राहतात. विश्रामबागेकडे त्यांनी नवी जागा घेतली, तेव्हा दिवाणखान्यात अशी तीन चित्रे लावली. मी पाहायला गेलो.

पहिले होते लंडनच्या 'पंच' साप्ताहिकातले, १८९२ च्या डिसेंबरातले. सेसिल ऱ्होड्स नावाचा धनाढ्य इंग्रज आफ्रिकेच्या नकाशावर दोन्ही पाय फाकून उभा आहे. एक पाय खालच्या टोकाला, केपटाउनवर, दुसरा वरच्या टोकाला, कैरोवर, आणि दोन्ही हातांत ताणून धरली आहे तारायंत्राची तार. दुसरे त्याच साप्ताहिकातले, नोव्हेंबर १८७८ चे, जॉन टेनिएल या चित्रकाराचे. मध्ये अफगाणिस्तानचा अमीर शेर अली. एका बाजूला रशियाचे अस्वल, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा सिंह. दोघेही म्हणे त्याचे मित्र, आणि अमीर देवाला विनवतो आहे की या मित्रांपासून मला सोडव. तिसरे फ्रेंच, १८९८ च्या जानेवारीतले. टेबलावर एक भली मोठी रोटी, तिच्यावर चीन असे लिहिलेले. भोवती व्हिक्टोरिया राणी, जर्मनीचा कैसर, रशियाचा झार, फ्रान्सची देवी आणि जपानचा एक सामुराई. कोणाच्या वाट्याला किती, याची घासाघीस चाललेली. मागे एक चिनी सरदार दोन्ही हात वर करून ओरडतो आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

चित्रे सुरेख आहेत, यात वाद नाही. टेनिएलचा हात तर असा की सिंहाच्या आयाळीचा एकेक केस मोजून घ्यावा. लहान मुलांच्या त्या प्रसिद्ध 'अ‍ॅलिस'च्या पुस्तकातली चित्रे काढणारा तोच. मी मान डोलवीत उभा होतो. इतक्यात स्नेह्यांच्या मातोश्री आतून चहा घेऊन आल्या. घर बदलल्यापासून त्या ही चित्रे रोज पाहत असणार. त्यांनी मला विचारले, "गुरुजी, तुम्ही शिकवता म्हणून विचारते. ह्यातलं आपलं कोण?"

स्नेही हसले. म्हणाले, "आई, ही शोभेची चित्रं आहेत. ह्यात आपलं कुणी नसतं."

त्यांचे म्हणणे मी मागाहून नीट ऐकून घेतले, कारण ते विचारी गृहस्थ आहेत. त्यांचे मुद्दे दोन. एक, ही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची चित्रे. राणी गेली, झार गेला, कैसर गेला, आता यांत विष कुठले? दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. ही चित्रे म्हणजे साम्राज्यांची थट्टा आहे. हावरट लोक हावरट दाखवले आहेत. असले चित्र हिंदुस्थानी माणसाने तर मुद्दाम लावावे.

थट्टा आहे खरी. पण ती कोणी कोणाशी केलेली? 'पंच' निघाले १८४१ साली, लंडनमध्ये, आणि थोड्याच वर्षांत ते खाऊनपिऊन सुखी अशा इंग्रज कुटुंबाचे आवडते साप्ताहिक झाले. बापाने चहाबरोबर वाचावे, मुलांनी चित्रे पाहावीत. हे लोक आपल्या प्रधानाला हसत, आपल्या सेनापतींना हसत, कधीकधी राणीलाही हसत. पण ते हसणे घरातल्या मंडळींनी एकमेकांना हसावे तसे. ऱ्होड्सचे ते चित्र थट्टेचे की कौतुकाचे, हे आजही पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते. ज्या माणसाचे पाय एवढे लांब काढले, त्याला राग येण्याचे काही कारण नाही. ज्यांच्या देशावर ते पाय रोवले आहेत, त्यांच्यातला एकही माणूस चित्रात नाही. खाली नुसता नकाशा आहे.

याच साप्ताहिकाने थट्टा बाजूला ठेवून काढलेली चित्रेही आहेत. १८५७ च्या २२ ऑगस्टला टेनिएलने काढलेला सिंह बंगाली वाघावर झेप घेतो आहे. वाघाच्या पंजाखाली गोरी बाई आणि तिचे मूल. पुढे १२ सप्टेंबरच्या अंकात 'न्याय' या नावाचे चित्र आले. न्यायदेवता स्वतः तलवार घेऊन हिंदी शिपायांना कापीत सुटली आहे आणि एका बाजूला आपल्याकडच्या बायका, पोरांना पोटाशी धरून अंग चोरून बसल्या आहेत. तारीख पाहून मी दचकलो. त्याच्या चारच दिवस आधी, ८ सप्टेंबर १८५७ रोजी, आमच्या साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारले. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्या सतरांत रंगो बापूजी गुप्त्यांचा मुलगा सीताराम होता. टपाल विलायतेला पोचायला तेव्हा महिना-सव्वा महिना लागे, म्हणजे चित्रकाराला साताऱ्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी चित्र आणि कृत्य एकाच आठवड्यातले. गव्हर्नर जनरल कॅनिंगने जरा सबुरीची भाषा काढली होती, तर पुढच्याच महिन्यात 'पंच'ने त्याच्या दयाळूपणाचीही टर उडवली.

ही १८५७ ची चित्रे माझ्या स्नेह्यांच्या भिंतीवर नाहीत. असणारही नाहीत. उघड द्वेषाचे चित्र कोणी दिवाणखान्यात लावीत नाही. त्याची जागा ग्रंथालयात, आणि तिथे ती असलीही पाहिजेत. माझा प्रश्न आहे तो हसऱ्या चित्रांचा. ती आपला बंदोबस्त अधिक चांगला करतात.

'पंच'मधलेच एक चित्र सांगतो. राणी वारल्यानंतरचे, १९०७ च्या ऑक्टोबरातले. पण घराणे तेच. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला इंग्लंड आणि रशिया यांनी करार करून इराणची वाटणी केली होती. उत्तर भागात रशियाची सत्ता चालावी, आग्नेय कोपऱ्यात इंग्लंडची, मधला पट्टा दोघांनाही मोकळा. चित्रात सिंह आणि अस्वल यांच्यामध्ये एक इराणी मांजर बसले आहे. सिंह समजूतदारपणे सांगतो की तू डोक्याशी खेळ, मी शेपटीशी खेळतो, पाठीवरून दोघेही हात फिरवू. आणि मांजर म्हणते की मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

या चित्रात मांजराला बोलायला दिले आहे, हे लक्षात घ्या. चित्रकाराला सगळे कळत होते. अन्याय काय झाला, कोणावर झाला, आणि त्याचे गाऱ्हाणे काय असेल, हे त्याने एका ओळीत मांडले. पण मांजर ते वाक्य बोलते म्हणूनच तर चित्र हसू आणते. मांजराला कोणी विचारते का! आपण हसलो की झाले. गाऱ्हाणे ऐकूनही घेतले आणि निकालातही काढले.

हेच वाक्य एक माणूस लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे बोलत होता. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून उतरवून काशीला पाठवले. त्यांच्यावरच्या आरोपांची रीतसर चौकशी झाली नाही, त्यांची बाजू कोणी ऐकली नाही. ती बाजू ऐका, एवढे सांगायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. भाषा शिकले, भागधारकांच्या सभांत उभे राहून बोलले, पत्रके छापली, कर्जात बुडाले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे काही इंग्रज त्यांच्या बाजूने भांडलेही. दरम्यान १८४७ साली महाराज काशीत वारले, १८४८ साली त्यांचे धाकटे बंधूही वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा झाले. 'पंच'चा पहिला अंक लंडनच्या रस्त्यांवर विकला गेला तेव्हा रंगो बापूजी त्याच शहरात होते. आम्हाला कोणी विचारले नाही, हे त्यांचेही म्हणणे. त्यात हसण्यासारखे काय आहे, ते साताऱ्याच्या चार भिंतींपाशी उभे राहून कोणी मला सांगावे.

मी आठवीच्या वर्गात ते मांजराचे चित्र दाखवले. मातोश्रींचा प्रश्न डोक्यात होताच. मुलांना विचारले, "तुम्ही यातले कोण व्हाल?" बहुतेकांनी सिंह सांगितला. दोघातिघांना अस्वल आवडले, कारण ते गुबगुबीत होते. मांजर व्हायला कोणी तयार नव्हते, आणि त्यात मुलांचे काही चुकले असे मला वाटत नाही. मार खाणाऱ्याच्या जागी आपणहून कोण बसेल? शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, मी चित्र काढणारी होईन."

हे उत्तर आपल्या लोकांनाही फार पूर्वी सुचले होते. १८५४ साली मुंबईत 'पारसी पंच' निघाले. तेच पुढे 'हिंदी पंच' झाले आणि बरजोरजी नवरोजींच्या हाताखाली इंग्रजी-गुजरातीतून राज्यकर्त्यांना टोचू लागले. सिंहाने शिकवलेल्या पेन्सिलीने सिंहाचे चित्र निघू लागले. सांगलीकरांना तर यासाठी मुंबईला जाण्याचीही गरज नाही. किर्लोस्करवाडीला नांगर आणि रहाट घडत होते, त्याच वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केले. ते स्वतः व्यंगचित्रकार. पण त्यांच्या पेन्सिलीचे टोक बरेचदा आपल्याच घराकडे वळलेले असे. आपल्या रूढी, आपले बुवा, आपला बायकांवरचा जुलूम, आपली शिवाशीव. त्यांना दुखावलेले वाचकही पुष्कळ होते. परक्याचे व्यंग काढायला फारसे धैर्य लागत नाही. शेजाऱ्याचे काढायला थोडे लागते. आपल्या आजोबांचे काढायचे म्हटले की हात अडतो.

आजोबांची गोष्ट काढलीच आहे, तर आमच्या साताऱ्याची एक जुनी हकीकत सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्कररामाच्या हाताखाली बंगालवर गेल्या. पुढच्या वर्षी रघूजी स्वतः गेले. त्याच सुमारास नानासाहेब पेशवेही बंगालमध्ये उतरले. बंगालचा नवाब अलीवर्दी याने पेशव्यांना फौजेच्या खर्चापोटी बावीस लाख रुपये देण्याचे आणि शाहू महाराजांना चौथाई देण्याचे कबूल केले, ते रघूजींपासून संरक्षण मिळावे म्हणून. पेशव्यांनी त्याप्रमाणे रघूजींना बंगालबाहेर काढलेही. मग दोन मराठे सरदार एकमेकांच्या जिवावर उठणार, असे दिसू लागले. शाहू महाराज मनाचे मोठे आणि भांडणाचा तिटकारा असलेले. त्यांनी १७४३ साली साताऱ्यास दोघांत समेट घडवून आणला. माळवा, आग्रा, अजमेर, अलाहाबाद पेशव्यांकडे. बंगाल आणि ओरिसा रघूजींकडे, बिहारचा थोडा भाग वगळून. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये.

शाळेत ही हकीकत आपण समेट म्हणून शिकतो आणि शिकवतो. घरातले भांडण घरातच मिटले, दोन कर्ते पुरुष पुन्हा एकत्र आले, दौलत सावरली. साताऱ्यातून पाहिले तर हे सारे खरे आहे, आणि शाहू महाराजांचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. पण मुर्शिदाबादेहून पाहा. ज्याला पैसे देऊन संरक्षण घेतले, त्यानेच ज्याच्यापासून संरक्षण हवे होते त्याला सगळा सुभा लिहून दिला. वाटणीच्या वेळी बंगालला कोणी विचारले नव्हते. पुढच्या वर्षी अलीवर्दीने भास्कररामाला भेटीला बोलावून दग्याने ठार मारले. त्यावर आपण आजही चडफडतो, आणि दगा तो दगाच. पण त्यानंतर १७५१ च्या तहापर्यंत त्या मुलखातल्या रयतेने जे सोसले, त्यातून बंगाली आयांनी पोरांना झोपवायला बारगिरांच्या भीतीचे गाणे केले. ते गाणे अजून ऐकू येते. आपल्या घोडेस्वारांचे नाव तिथे बागुलबुवाच्या जागी आहे. गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने त्याच सुमारास एक पोथी रचली. तिचे नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव ऐकून कोणाची छाती फुगेल, पण आत आहेत जळलेली गावे, पळणाऱ्या बाया आणि शाहू राजाचे नाव. ते मांजर बोलले होते. आपण ऐकायला तिथे नव्हतो.

(सांगलीकरांनी इथे साताऱ्याकडे बोट दाखवून हसू नये. पटवर्धनी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी १७९१ साली शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा मठाला मदत धाडली ती टिपूने.)

कोणी म्हणेल, गुरुजी, हे दोन्ही एका तराजूत घालता? नाही घालत. मराठ्यांनी आपल्या मुलखात परक्या सत्तेविरुद्ध जे उभे केले, ते आणि विलायती कंपनीने समुद्रापलीकडून येऊन जे केले, ते एक नव्हे. साताऱ्याच्या दरबाराजवळ बंगालच्या मालाला जगभर गिऱ्हाईक शोधणारी गलबते नव्हती, की आफ्रिकेच्या नकाशावर पट्टीने रेघा मारणारे कारकून नव्हते. वजने वेगळी आहेत. पण जिच्या झोपडीला आग लागली त्या बाईला वजनातला हा फरक सांगायला मी जाणार नाही. आणि ती बाई मातोश्रींसारखीच विचारील की तुमच्या त्या समेटाच्या चित्रात आमचे कोण आहे.

मातोश्रींच्या प्रश्नाला मी तेव्हा दिलेले उत्तर अगदी साधे होते. अमीराकडे बोट दाखवून म्हणालो, "काकू, हा आपल्यासारखा." त्यांनी चष्मा वर करून त्याच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "बिचारा. त्याचा चेहरा तेवढा खरा काढलाय." त्यानंतर स्नेह्यांनी ऱ्होड्सचे चित्र काढले. उरलेली दोन ठेवली, कारण त्यांत कोपऱ्यात का होईना, ओरडणारा माणूस आहे. त्यांचा हा निवाडा मला पटतो. चित्रे जाळायला मी सांगितली नव्हती. जाळून हिशेब मिटत नाहीत, उलट वह्याच नाहीशा होतात.

माझी स्वतःची इच्छा निराळी आहे. १७४३ च्या त्या बैठकीचे व्यंगचित्र माझ्या पाहण्यात नाही. मध्यभागी लोडाला टेकून शाहू महाराज, प्रसन्न. एका हाताला पेशवे, दुसऱ्या हाताला रघूजी, दोघांच्या पुढे पानांचे तबक. आणि खाली जाजमावर, जिकडे कोणाची नजर नाही तिकडे, झोळीत तान्हे मूल घेतलेली एक बाई, बंगाली पद्धतीने पदर घेतलेली. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला मी हा विषय दिला आहे. तिने महाराजांचे जिरेटोप फार छान काढले, पण बाईपाशी येऊन ती थांबली. म्हणते, "सर, बंगाली पदर कसा असतो ते मला माहीत नाही." मी तिला म्हटले, दिवाळीच्या सुट्टीत शोधून काढ. चित्र पुरे झाले की शाळेच्या भिंतीवर, शाहू महाराजांच्या तसबिरीशेजारी, ते लावावे असा माझा विचार आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर अजून घातलेले नाही.